मधल्या वर्षांचे धान्य

आपल्या इंदूर शहराचे नाव सांप्रत बहुधा दोन गोष्टींसाठी घेतले जाते : एक स्वच्छता आणि दुसरी सराफ्यातील रात्रीची खाऊगल्ली. दोहोंचाही आम्हांस यथायोग्य अभिमान आहे. परंतु देशोदेशींच्या शेतीविषयक ग्रंथांत या शहराचे नाव गेली नव्वदांहून अधिक वर्षे छापले जात आहे ते खतामुळे. पालापाचोळा, काडीकचरा, शेण आणि माती यांपासून उत्तम खत करण्याची जी रीत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते, ती याच शहरात सिद्ध झाली. विद्यार्थिमित्रांपैकी अनेकांना ही वार्ता नवीन असेल. वडीलधाऱ्यांपैकीही कित्येकांना ती नवीन असावी. कारण आपल्या घरांत शेतीचा विषय निघतो तो बहुधा गव्हाचा भाव विचारण्यापुरता.

हा विषय आज मांडण्याचे कारण मात्र केवळ अभिमान हे नव्हे. दुकानांतून ‘जैविक’ असे छापलेल्या पुड्या आता सर्वत्र दिसतात. त्या खऱ्या की खोट्या, असे गृहिणी विचारतात. ज्यांची खेड्यात दोनचार बिघे जमीन आहे अशी घरे, ‘आम्हीही ही शेती करावी काय, आणि ते प्रमाणपत्र म्हणतात ते कसे मिळते?’ असे विचारतात. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे पुढे येतीलच. परंतु आमचे मुख्य म्हणणे निराळे आहे. शेतकऱ्याने रासायनिक खत सोडले आहे पण प्रमाणपत्र अद्याप हाती आलेले नाही, अशी जी मधली दोनतीन वर्षे असतात, त्या वर्षांचा वाली कोणीच नाही. सेंद्रिय शेती बुडते ती तेथे. आणि शहरातील कुटुंबांना काही करता येण्याजोगे असेल तर तेही नेमके तेथेच आहे.

प्रथम इतिहास पाहू. आल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली सरकारी नोकरीत हिंदुस्थानात आले आणि बिहारमधील पुसा येथे काम करू लागले. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल यादेखील नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. येथील शेतकऱ्यांना नवी शेती शिकविण्यासाठी आलेल्या या गृहस्थांनी काही वर्षांतच आपली भूमिका उलटी करून टाकली : येथील रयत आणि पिकांवरील कीड हेच आपले अध्यापक होत, असे ते म्हणू लागले. कीड ही पीक किंवा जमीन कोठे अशक्त आहे ते दाखविणारी खूण आहे, असा त्यांचा सिद्धांत होता. १९२४ साली इंदुरास ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ ही संस्था निघाली. होळकर दरबाराने जमीन दिली आणि मध्य भारतातील संस्थाने व कापूस समिती यांनी द्रव्य पुरविले. कापसाच्या सुधारणेसाठी स्थापन झालेल्या या संस्थेत हॉवर्ड यांनी कापसापेक्षा कापूस ज्या मातीत उगवतो तिचा विचार अधिक केला. १९३१ साली ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर’ हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचे सहलेखक होते यशवंत वाड. हे आडनाव आमच्या वाचकांच्या कानांस परके वाटणार नाही. जगभर हॉवर्ड यांचे नाव झाले. वाड यांचे नाव आपल्याच शहरात कोणास ठाऊक नसावे, हे आम्हांस खटकते. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनाच्या निमित्ताने गांधीजी इंदुरास आले असता त्यांनीही ही संस्था आणि तेथील खताचे काम पाहिले होते.

पद्धत साधी आहे, पण तीत आळसास वाव नाही. सुमारे तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि दोन फूट खोल असा उथळ खड्डा घ्यावयाचा. त्यात तण, पाला, गव्हांडा, ऊस व कडधान्यांचे अवशेष असे नाना प्रकारचे वाळलेले द्रव्य मिसळून पसरावयाचे. एकाच जातीचा काडीकचरा घालू नये, मिश्रण असावे, यावर हॉवर्ड यांचा मोठा कटाक्ष होता. त्या थरावर गोठ्यातील मूत्र मुरलेली माती, लाकडाची राख आणि पाण्यात कालविलेले शेण शिंपडावयाचे. सोबत दहापंधरा दिवसांपूर्वी भरलेल्या दुसऱ्या खड्ड्यातील थोडे अर्धवट कुजलेले द्रव्य विरजणासारखे घालावयाचे. असे थरावर थर. मग पाणी बेताने. दोन आठवड्यांनी, महिन्याने आणि दोन महिन्यांनी असे तीन वेळा सर्व वरखाली करावयाचे, म्हणजे हवा आतपर्यंत जाते. तीन महिन्यांत काळेभोर, भुसभुशीत, मातीचा गंध येणारे खत तयार होते. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते म्हणून तेव्हा जमिनीवर ढीग रचीत. पऱ्हाट्या आणि तुराट्या यांच्यासारखी कठीण लाकडे कुजता कुजत नाहीत, त्यांवर या संस्थेत काढलेली युक्ती तर मोठी मौजेची आहे : ती लाकडे शेतातील रस्त्यांवर पसरून ठेवीत आणि येणाऱ्याजाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली ती आपोआप चिरडली जात. यंत्र नाही, मजुरी नाही.

खड्ड्यात काय घडते, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी ध्यानी घेण्यासारखे आहे. बुरशी आणि जिवाणू हे काडीकचऱ्यातील कार्बन जाळून जगतात, म्हणूनच ढिगात हात घालवत नाही इतकी उष्णता निर्माण होते; पारा ६५ अंश सेल्सिअसच्या घरात जातो. या उष्णतेत तणांचे बी आणि रोगजंतू बव्हंशी नष्ट होतात. आरंभी मिश्रणात नायट्रोजनच्या एका भागास कार्बनचे सुमारे तेहतीस भाग असावेत आणि खत पिकले म्हणजे हे प्रमाण दहास एकपर्यंत उतरावे, असे इंदूरच्या प्रयोगांत आढळले. नुसता गव्हांडा शेतात गाडला तर तो कुजविण्यासाठी जिवाणू जमिनीतलाच नायट्रोजन ओढून घेतात आणि उभे पीक पिवळे पडते. खड्ड्यातले कुजणे खड्ड्यातच पुरे व्हावे आणि शेतात जावे ते तयार खत, हे या पद्धतीचे मर्म होय.

आणि आता आजचा माळवा पाहा. चैत्रात गव्हाची कापणी यंत्राने होते. यंत्र वरची ओंबी नेते आणि हातभर धसकटे शेतात उभी राहतात. तीस येथे नरवाई म्हणतात. मूग पेरण्याची घाई असते, मजूर मिळत नाहीत, म्हणून अनेक ठिकाणी तिला काडी लावली जाते. बंदी आहे, दंडही आहे, तरी रात्री महामार्गाने जाताना दोन्ही बाजूंस आगीच्या रेषा दिसतात. ज्या भूमीने काडीकचऱ्याचे सोने करण्याची रीत जगास शिकविली, त्याच भूमीत तो काडीकचरा जळतो आहे. शेतकऱ्यास नुसता दोष देऊन हे थांबणार नाही. त्याच्यापाशी पंधरा दिवस असतात आणि खतास नव्वद लागतात. तरीही, ज्यास सेंद्रिय शेती करावयाची आहे त्याची पहिली परीक्षा हीच, असे आमचे स्पष्ट मत आहे. काडी लावणारा हात आणि प्रमाणपत्राचा अर्ज भरणारा हात एकच असू शकत नाही.

येथे शब्दाचा थोडा खुलासा करणे अवश्य आहे. हिंदीत ‘जैविक’ म्हणतात, आपण मराठीत ‘सेंद्रिय’ म्हणतो, वस्तू एकच. मात्र रसायनशास्त्राच्या तासाला ‘सेंद्रिय’ म्हणजे कार्बनची संयुगे असे शिकविले जाते आणि त्या अर्थाने पाहिले तर बाजारातील बहुतेक कीटकनाशके सेंद्रियच आहेत! तेव्हा शब्दावर जाऊ नये. शेतीच्या संदर्भात त्याचा अर्थ असा की, शेत हा एक जिवंत देह मानून त्यातील माती, पीक, जनावर आणि माणूस यांचे चक्र शक्यतो आतल्या आत फिरते ठेवावयाचे. त्यात कृत्रिम खते नाहीत, कृत्रिम कीटकनाशके व तणनाशके नाहीत आणि जनुकीय बदल केलेले बियाणे नाही. ‘युरिया घातला नाही म्हणजे झाली सेंद्रिय शेती’ ही समजूत फार पसरलेली आहे आणि ती चूक आहे. काहीच न घालणारा शेतकरी आळशी असू शकतो. सोयाबीनमागून गहू आणि गव्हामागून पुन्हा सोयाबीन असे वर्षानुवर्षे न करता मध्ये हरभरा, तूर, मका यांचा फेर धरावा लागतो. कडधान्यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे रायझोबियम जिवाणू हवेतील नायट्रोजन जमिनीत आणतात. कीड दिसली म्हणजे निंबोळी अर्क, कामगंध सापळे, पक्ष्यांना बसावयास मचाणे. बुरशीजन्य रोगांवर ट्रायकोडर्मा. आणि तणांवर? तणांवर कोळपे आणि खुरपे. या एका वाक्यात जी मजुरी दडली आहे ती वाचताना दिसत नाही, भरताना दिसते.

निमाडात तर बियाण्याचाच प्रश्न उभा राहतो. आपल्या देशात व्यापारी लागवडीत असलेले जनुकीय बदलाचे पीक एकच, ते म्हणजे कापूस. २००२ साली त्यास परवानगी मिळाली आणि आज बाजारातले बहुतेक सर्व बियाणे त्याच प्रकारचे आहे. सेंद्रिय कापूस पिकविणाऱ्यास साधे बियाणे शोधीत हिंडावे लागते, आणि शेजारच्या शेतातून वाऱ्याने, कीटकांनी येणाऱ्या परागाची चिंता वाहावी लागते ती वेगळीच. गव्हाचे तसे नाही. गहू हे स्वपरागित पीक. घरचे निवडक बी राखून ठेवले तरी चालते.

आता प्रमाणपत्राविषयी. प्रमाणपत्र धान्याची परीक्षा करून मिळते असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ते धान्यास मिळत नाही. ते धान्य पिकविण्याच्या रीतीस मिळते. नमुने तपासले जातात हे खरे, परंतु मुख्य परीक्षा वह्यांची आणि शेताची असते. केंद्र शासनाचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम २००१ साली सुरू झाला. त्याचे काम वाणिज्य खात्याकडील ‘अपेडा’ ही संस्था पाहते. तिच्या व्यवस्थेत मान्यता मिळालेल्या प्रमाणीकरण संस्था आहेत, काही खाजगी, काही सरकारी. मध्य प्रदेश शासनाचीही स्वतःची अशी संस्था भोपाळास आहे. शेतकऱ्याने अर्ज करावयाचा. शेताचा नकाशा, मागील पिकांचा आणि वापरलेल्या औषधांचा इतिहास, पुढील लागवडीची योजना द्यावयाची. त्यानंतर बियाणे कोठून आणले, कोणते खत किती घातले, किती पिकले, कोठे साठविले, कोणास विकले, हे सर्व तारखेनिशी लिहून ठेवावयाचे. शहरातील कचऱ्याचे खत घालावयाचे तर त्यात जड धातू नाहीत ना याची खात्री आणि संस्थेची अनुज्ञा हवी. शेजारी फवारणी करीत असेल तर बांधालगतचा पट्टा राखीव सोडावा लागतो. त्या पट्ट्यातले पीक सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. पावसाचे पाणी शेजारच्या शेतातून वाहत येत असेल तर चर खणून ते वळवावे लागते. निरीक्षक वर्षातून किमान एकदा येतो. माल विकताना त्या त्या व्यवहाराचे वेगळे प्रमाणपत्र घ्यावे लागते, म्हणजे दहा पोती पिकवून पंधरा विकता येत नाहीत.

एकट्या लहान शेतकऱ्यास हा खर्च झेपत नाही. म्हणून अनेकांचा गट करून आणि गटाची अंतर्गत नियंत्रण व्यवस्था उभारून एकत्र प्रमाणपत्र घेण्याची सोय आहे. याहूनही आम्हांस मनापासून आवडते ती दुसरी रीत, ‘पीजीएस’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी सहभागी हमीची पद्धत. केंद्रीय कृषी खात्याने ती चालविली आहे. एकाच गावातील वा शेजारच्या गावांतील किमान पाच शेतकरी एकत्र येतात, प्रतिज्ञापत्र करतात आणि एकमेकांच्या शेतांची तपासणी आपणच करतात. प्रादेशिक परिषद त्यांचे कागद पाहून मान्यता देते. परदेशी माल पाठविण्यास हे प्रमाणपत्र चालत नाही, देशातल्या बाजारास चालते. काही सुशिक्षित मंडळी या रीतीस हसतात. चोराने चोराची साक्ष द्यावी तसे हे, असे म्हणतात. आम्हांस हे पटत नाही. ज्याने कधी गावात राहून पाहिले आहे त्यास ठाऊक असते की, कोणाच्या शेतात रात्री पंप चालला हे बाहेरच्या निरीक्षकास वर्षभरात कळणार नाही ते बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्यास सकाळच्या वासावरून कळते. शिवाय एकाच्या लबाडीने पाचांचे नाव जाते. अर्थात् गटातील सर्वच एका घरचे असतील तर ही साक्ष दुबळी होते, हे आक्षेपकांचे म्हणणे आम्ही मान्य करतो. आणि म्हणूनच गट वेगवेगळ्या घरांचा असावा.

याउपर २०१७ साली अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सेंद्रिय अन्नाचे नियम केले. त्यानुसार बंद पुडीतून ‘सेंद्रिय’ म्हणून विकावयाच्या मालास वरील दोहोंपैकी एका पद्धतीचे प्रमाणपत्र लागते आणि पुडीवर ‘जैविक भारत’ हे चिन्ह असते. लहान शेतकरी आपला माल स्वतः थेट ग्राहकास विकीत असेल तर त्यास प्रमाणपत्रातून सूट आहे. हे चिन्ह मात्र त्यास वापरता येत नाही. गृहिणींच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे : दुकानातील पुडीवर चिन्ह पाहावे, दारी आलेल्या शेतकऱ्यास शेत पाहावयास येऊ का असे विचारावे.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. आज अर्ज केला म्हणजे उद्या प्रमाणपत्र मिळत नाही. गहू, सोयाबीन, हरभरा यांसारख्या हंगामी पिकांसाठी, सेंद्रिय म्हणून विकावयाच्या पिकाची पेरणी होण्यापूर्वी दोन वर्षे ती जमीन नियमांनुसार कसलेली असावी लागते. संत्रा, पेरू यांसारख्या फळबागांसाठी पहिल्या सेंद्रिय तोडणीपूर्वी तीन वर्षे. जमिनीचा पूर्वीचा पुरावा पाहून संस्था ही मुदत कमीअधिक करू शकते. यास रूपांतरणाचा काळ म्हणतात. हा काळ असणे रास्तच आहे, कारण मातीतील जुनी औषधे विरावयास आणि जिवाणूंची वस्ती पुन्हा बसावयास वेळ लागतो. पण शेतकऱ्याच्या घरात या काळात काय होते ते पाहा. युरियाचा नायट्रोजन पिकास काही दिवसांत मिळतो. खताचा हळूहळू, जिवाणू देतील तसा मिळतो. ज्या जमिनीत वर्षानुवर्षे खत पडलेले नाही तीत ते जिवाणू थोडेच उरलेले असतात. साहजिकच पहिल्या एकदोन हंगामांत उतारा घटतो. निंदणीची मजुरी वाढते. तपासणीचा खर्च चालू होतो. आणि इतके करून मंडीत गाडी उभी राहिली की त्या गव्हास भाव मिळतो तो शेजारच्या फवारलेल्या गव्हाचाच. कारण लिलावात बोली लावणाऱ्यास दाणा दिसतो, दाण्यामागची दोन वर्षे दिसत नाहीत.

उत्पन्न कमी, खर्च अधिक, भाव तोच. या तिहेरी कात्रीत दुसऱ्या वर्षी शेतकरी मागे फिरतो. मग लोक म्हणतात, सेंद्रिय शेती परवडत नाही. ती परवडते की नाही हे कळण्याची वेळ येण्यापूर्वीच त्याचे भांडवल संपलेले असते. प्रमाणित क्षेत्राच्या बाबतीत मध्य प्रदेश दीर्घकाळ देशात अग्रभागी राहिला आहे, याचा आम्हांस आनंद आहे. परंतु जे अर्ध्या वाटेवरून परतले त्यांची गणती कोणत्या तक्त्यात होते?

घाई केल्यास काय होते, हे आपल्या शेजारच्या देशाने अलीकडेच पाहिले. श्रीलंकेने २०२१ च्या उन्हाळ्यात रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केली. मधली वर्षे नाहीत, खताचे ढीग तयार नाहीत, शेतकऱ्यास शिकविलेले नाही. भात आणि चहा दोन्ही घसरले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सरकारला माघार घ्यावी लागली. उलट आपल्याच देशातील सिक्कीमने २००३ साली हा संकल्प केला आणि संपूर्ण राज्य सेंद्रिय झाल्याची घोषणा झाली ती जानेवारी २०१६ मध्ये. सुमारे ७५,००० हेक्टर जमिनीस इतकी वर्षे लागली. सिक्कीमची डोंगरी शेती आणि माळव्याची सपाट काळी जमीन यांची तुलना करता येणार नाही, तेथे मुळातच रासायनिक खत थोडे वापरले जात असे. तथापि कालावधीचा धडा दोन्हीकडे सारखाच लागू पडतो.

कोणी म्हणेल, प्रमाणपत्र नसलेल्या शेतकऱ्यावर विश्वास का ठेवावा? प्रमाणपत्र असलेल्यांनीही फसविल्याची उदाहरणे आहेत. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. आपल्या देशाच्या व्यवस्थेवरचा विश्वास उणावल्यामुळे अमेरिकेने २०२१ साली भारताशी असलेला मान्यतेचा करार संपविला आणि तेथे माल पाठविणाऱ्यांना नव्याने सर्व सोपस्कार करावे लागले. त्यात प्रामाणिक शेतकरीही भरडला गेला. परंतु हे सर्व दूरच्या बाजाराचे दुखणे आहे. समुद्रापलीकडचा ग्राहक शेत पाहावयास येऊ शकत नाही, म्हणून त्यास कागदावाचून गत्यंतर नाही. आपले तसे नाही. देवास, सांवेर, महू, देपालपूर ही गावे येथून तासादीडतासाच्या वाटेवर आहेत. आपणांस कागदही पाहता येतो आणि शेतही. पीजीएसच्या गटांना रूपांतरण पुरे होईपर्यंत ‘पीजीएस-ग्रीन’ आणि पुरे झाल्यावर ‘पीजीएस-ऑरगॅनिक’ असा दर्जा मिळतो. म्हणजे मधल्या वर्षांतल्या धान्यासही नाव आहे. त्यास केवळ गिऱ्हाईक नाही.

हे गिऱ्हाईक होणे माळव्यातील मराठी घरांना विशेष सोपे आहे असे आम्हांस वाटते. कारण वर्षाचा गहू एकदम भरण्याची चाल आपल्याकडे अद्याप टिकून आहे. चैत्र-वैशाखात गहू येतो, गच्चीवर ऊन दाखविले जाते, निंबाचा पाला घालून कोठ्या भरल्या जातात. पाचसहा माणसांच्या कुटुंबाचा वर्षाचा गहू म्हणजे काही क्विंटल. अशी वीस घरे एकत्र आली तर एका लहान शेतकऱ्याचा सबंध माल उचलला जातो आणि त्यास मंडीत उभे राहावेच लागत नाही. फार चढा भाव द्यावा असेही आमचे म्हणणे नाही. मध्यमवर्गीय घरांची ओढाताण आम्हांस ठाऊक आहे, आणि मुलांच्या फीच्या दिवसांतच गव्हाचे पैसे द्यावे लागतात हेही. मंडीच्या भावावर थोडे अधिक आणि त्यातला काही भाग पेरणीच्या वेळी आगाऊ, एवढ्याने त्याचे काम होते. चढ्या भावापेक्षा त्यास खात्रीचे मोल अधिक आहे. ज्या घरास सगळा गहू असा घेण्याचे धाडस होत नाही त्याने पहिल्या वर्षी निम्मा घ्यावा. पोळी कशी होते ते पाहावे. दाणा एकसारखा नसेल, थोडे निवडणे अधिक पडेल. हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

आमच्या शाळेतील विद्यार्थ्यांनी यात काय करावे? खड्डा करावा, हे तर उघड आहे. आवारातील निंब आणि करंज यांचा पाला दरवर्षी सफाईच्या गाडीत जातो तो जाऊ नये. त्याहून अधिक उपयोगाचे काम म्हणजे नोंदवहीचे. वरच्या वर्गांतील मुलांनी एखाद्या जवळच्या गटातील शेतकऱ्यास त्याच्या नोंदी लिहून देण्यास मदत करावी. पेरणी, खत, पाणी, कापणी या तारखा वेळच्या वेळी न लिहिल्या गेल्यामुळे चांगल्या शेतकऱ्याचा अर्ज अडतो; त्यास शेती येते, वही येत नाही. आपल्या मुलांना वही येते, शेती येत नाही. महिन्यातून एक रविवार या देवघेवीस पुरेसा आहे.

गव्हाची पेरणी कार्तिकात होते, म्हणून ही सर्व बोलणी नवरात्र आणि दिवाळी यांच्या दरम्यान झाली पाहिजेत. चैत्रात जाऊन उपयोग नाही. भाव कोणत्या तारखेच्या मंडीवर धरावयाचा, आगाऊ रक्कम किती, पोती कोणाची, गाडीभाडे कोणी द्यावयाचे, आणि फाल्गुनात गारपीट होऊन पीक आडवे झाले तर आगाऊ पैशांचे काय, हे मुद्दे तेव्हाच उभयतांनी लिहून घ्यावेत. शेवटचा मुद्दा काढावयास दोन्ही बाजू संकोचतात. तोच सर्वांत आधी काढावा.